अर्धा दिवस त्यांचा, अर्धा आमचा

माघ लागला की मला ऊन बघत बसायची खोड लागते. मनगटावर घड्याळ असतं, समोरच्या भिंतीवर दुसरं असतं, आणि तरी मी ओसरीच्या खांबाची सावली फरशीवर कुठवर आली ते बघतो. नंदुरबारच्या या भाड्याच्या घरात सावलीला तसं काही काम नाही. बायको म्हणते, "पेन्शन दोन वर्षांवर आली, आता तरी शाळेची घंटा डोक्यातून काढा." तिला वाटतं मी शाळेची वेळ बघतो. मी तिचा गैरसमज दूर करत नाही, कारण खरं सांगायला बसलो तर चहा थंड होईल.

या दिवसांत गहू ओंबीवर येतो. स्टेशनच्या बाजूला फिरायला गेलं की ओल्या वाफ्यांचा वास येतो आणि पायाचे तळवे थंड पडल्यासारखे वाटतात. तेवीस वर्षांचा होतो तेव्हा एक अख्खा हिवाळा मी त्या वाफ्यांमध्ये अनवाणी उभा होतो. आमच्या रनाळ्यात त्या वर्षाला मानमोडीचं साल म्हणतात. म्हणतात म्हणजे म्हणायचे. आता ते आठवणारी माणसंही कमी झाली.

त्या साली पाऊस श्रावणात गेला तो गेलाच. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपली. आणि भादव्यात तो ताप आला. मान धरायची, अंग भाजायचं, तीन-चार दिवसांत माणूस आटोपायचा. एका गल्लीत दोन तिरड्या निघाल्या तर दुसरीला खांदा द्यायला माणसं मिळेनात. आमच्या घरातून वडील गेले आणि चार दिवसांनी थोरला भाऊ गेला. आमच्या शेताला लागून गोजरकाकीचं शेत. नात्याची नव्हे, पण दोन पिढ्यांची शेजारीण. तिचा नवरा नथूकाका आमच्या वडिलांच्या आधी गेला आणि तिचा कर्ता मुलगा त्यांच्यामागून. तिला उरली ती एक मुलगी, तीही धानोऱ्याला सासरी.

मी तेव्हा नंदुरबारला शाळेत शिकवत होतो. गावी आलो आणि सगळे विधी केले. बाया छाती बडवून रडत होत्या, मी त्यांच्यासाठी पाणी भरत होतो. मला काही वाटत नव्हतं. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण खोटं कशाला लिहू? रडू येईल म्हणून मी वाट बघितली. दहावा झाला, तेरावा झाला, दिवाळी दिवा न लावता गेली, आणि मी आपला कोरडा ठाक. भूक लागायची, झोप यायची, लोकांशी बोलताना मान हलायची. एवढंच चालू होतं.

हेडमास्तर भले होते. होळीपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाले. होळीपर्यंत मला एकच गोष्ट करायची होती, विहिरीखालचा दोन बिघे गहू काढायचा. घरात माय, तापातून उठलेली आणि केस गळालेली वहिनी, तिची दीड वर्षाची मुलगी आणि मी. कोठीतली ज्वारी फाल्गुनात संपणार होती. गहू आला तर वर्ष निघणार. नाही आला तर घराला कुलूप लावून मायला मामाच्या दारात आणि वहिनीला तिच्या माहेरी पाठवायचं. वहिनीच्या माहेरी तिला कोणी नीट वागवणार नाही हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तिलाही होतं. ती त्याबद्दल अवाक्षर काढत नसे.

विहीर दोन्ही शेतांच्या बांधावर होती, निम्मी आमची आणि निम्मी काकीची. अर्धा दिवस आमची मोट, अर्धा दिवस त्यांची. याला आमच्याकडे बारी म्हणतात. सकाळची बारी आमची होती. दुपार झाली हे ठरवायला मोटेच्या खांबापासून काही हातांवर एक दगड ठेवलेला असे. सकाळी खांबाची सावली लांब पडते, मग आखडत येते. ती दगडाला येऊन टेकली की आमचे बैल सुटायचे आणि त्यांचे जुंपायचे. त्या वर्षी मार्गशीर्षात पहिलं पाणी द्यायच्या वेळी गावच्या पाटलानं दोन्ही घरांसमोर, सूर्य डोक्यावर असताना, तो दगड लावून दिला. दोन्ही घरं म्हणजे मी आणि गोजरकाकी. दोघांनीही माना हलवल्या.

आता मोट हे एका माणसाचं काम नाही. एकानं बैल हाकायचे, दुसऱ्यानं शेतात पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं. आमचा सालदार ताप सुरू झाला तसा सातपुड्यातल्या आपल्या गावी गेला, तो परतलाच नाही. वहिनीला उभं राहिलं की चक्कर यायची. मग मीच दहा मोटा ओढायचो, बैल थांबवायचो, पळत जाऊन वाफा फोडायचो, पळत परत यायचो. तोवर एखादा वाफा फुटून पाणी बांधावर गेलेलं असायचं. दुपारनंतर आमच्या बांधावरून मी बघायचो, तर गोजरकाकी तशीच पळत असायची. पदर कमरेला खोचलेला आणि पाय चिखलानं भरलेले. बाईनं मोट हाकायची म्हणून गावात दोन तोंडं वाकडी झाली होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. कुणाकडेच बघत नव्हती ती.

संक्रांत झाली आणि माझी बारी आखडायला लागली. आधी सावली दगडाला टेकेपर्यंत माझे चौदा वाफे भिजायचे. मग बारा झाले, मग दहा. माघात तर नऊच. चार-पाच वाफे रोज मागं पडत गेले आणि बांधाकडच्या गव्हाची पातं पिवळी दिसू लागली. उरलेलं पाणी कुठं जातंय ते उघड होतं. काकीची बारी लांबत होती. मी दगडाकडे बघायचो आणि मला वाटायचं, हा रोज बोटभर खांबापासून लांब जातोय. मनात संशय आला की डोळे तेच दाखवतात.

शेवटी एकदा बारी बदलताना मी तिला विचारलंच. "काकी, दगड कोन सरकाडी ऱ्हायनं?"

ती आपले बैल घेऊन उभी होती. तिनं दगडाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "दगडले कोनी हात नही लाया."

"मंग मन्ही बारी कथी जाई ऱ्हायनी?"

तिनं माझा नाडा, मोटेचा दोर, सोडून बाजूला ठेवला आणि आपला बांधला. मला राग आला असं लिहायला हवं, पण रागही पुरता आला नाही. दुसऱ्या दिवशी मी दगड चार बोटं खांबाकडे ढकलला. तिनं तो होता तिथं आणून ठेवला. तिसऱ्या दिवशी सावली टेकली तरी मी बैल सोडले नाहीत, आणि तिनं आपले बैल धावेवर आणून माझ्या बैलांसमोर उभे केले. चार बैल त्या उतारावर एकमेकांची शिंगं हुंगत होते आणि आम्ही दोघं दोन बाजूंना उभे. कोणी हटेना. दोन दिवस त्या विहिरीवर कोणाचीच मोट चालली नाही. आटत चाललेल्या त्या विहिरीत दोन दिवसांचं पाणी नुसतं साचून राहिलं आणि दोन्ही शेतांतला गहू माना टाकू लागला.

हे मी मायला सांगितलं. सांगितलं म्हणजे तक्रार केली. माय ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत बसली होती. वडील गेल्यापासून ती विचारलं तर बोलायची, नाही तर नाही.

"सरकाडाले नको का दगड?" ती म्हणाली. "तुन्हा बा न् नथू दर आवसले तठे बठेत. दगड सरकाडेत. तुले नही माहित?"

अमावस्येला आमच्याकडे बैल जुंपत नाहीत. त्या दिवशी वडील आणि नथूकाका विहिरीवर विड्या ओढत बसलेले मी लहानपणापासून पाहिले होते. मला वाटायचं, गप्पा मारतात. ते सूर्य डोक्यावर यायची वाट बघत बसलेले असायचे. तो आला की सावली जिथं असेल तिथं दोघं मिळून दगड ठेवायचे. दर अमावस्येला नव्या जागी. कारण संक्रांतीनंतर सूर्य वर चढत जातो, सावली रोज थोडी आखूड होते, आणि दगड हलवला नाही तर तिथं ती दुपारच्या कितीतरी आधी पोचते. तास-दीड तास आधी. हे दोघांनी कधी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलं नसावं. दोघं गेले आणि आम्ही उरलेल्यांनी दगड म्हणजे देव समजून तो जागचा हलू दिला नाही.

आणि मी कोण, तर मास्तर. उत्तरायण आणि दक्षिणायन मी फळ्यावर गोल काढून मुलांना शिकवत होतो. न येणाऱ्याला छडी मारत होतो.

मी तसाच शेताकडे गेलो. काकी एकटीच तिच्या वाफ्याचे बांध नीट करत होती. मी तिला सगळं सांगितलं. नथूकाकाचं नाव आलं तेव्हा तिचं खुरपं थांबलं, मग पुन्हा चालू झालं. माझं बोलणं संपल्यावर मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, दोघांचीही चूक झाली. ती म्हणाली, "दगडनी तुन्ही घडीभर खादी. खरं शे. पन मास्तर, तुन्हा येळ दगडपाशी नही जास. खाटपाशी जास."

खरं होतं. माझी बारी तांबडं फुटल्यापासून होती. मी कासराभर दिवस वर आल्यावर विहिरीवर जायचो. जिची बारी दुपारची ती बाई अंधुक उजेडात येऊन वाफे नीट करायची, आणि ज्याची सकाळची तो मी चहा, मंजन, पुतणीला खेळवणं असं करत निघायचो. निघणं जिवावर यायचं. अंथरुणात जाग आली की छताकडे बघत पडून राहायचो आणि कसलाही विचार न करता तास निघून जायचा. दगडानं दीड तास घेतला असेल, मी रोज दोन घेत होतो.

ते मला लागलं, आणि लागण्याचं कारण निराळंच होतं. वडील आजारी असल्याचा निरोप मला नंदुरबारला मंगळवारी मिळाला होता. शाळेची तपासणी गुरुवारी होती. मी म्हटलं, तपासणी झाली की निघतो. शुक्रवारी चालत निघून दुपारी गावात पोचलो, तर ते सकाळीच गेले होते. भाऊही तोवर शुद्धीत नव्हता. निरोप घेऊन आलेल्या माणसाला मी "येतोच" म्हणालो होतो. तो शब्द मी हिवाळाभर कोणासमोर उच्चारला नाही.

काकीला यातलं काही मी बोललो नाही. तिच्या हातातलं खुरपं घेतलं आणि म्हटलं, "तू मोट हाक. मी वाफा भरस."

"कोना वाफा?"

"आज तुन्हा. सकाय मन्हा."

सकाय म्हणजे उद्या. एवढंच बोलणं झालं. तिनं बैल जुंपले. चाक करकरलं, मोट वर आली, थारोळ्यात पाणी आदळलं आणि पाटानं माझ्या पायांपर्यंत आलं. त्या दिवशी तिचे सगळे वाफे दिवस बुडायच्या आत भिजले, एक थेंब बांधावर गेला नाही. दुसऱ्या दिवशी माझे भिजले. अर्धा दिवस त्यांचा आणि अर्धा आमचा हा हिशेबच आम्ही सोडून दिला. एक अख्खा दिवस तिचा, एक अख्खा माझा, आणि राबणारे दोघंही रोज.

पुढची शिस्त काकीची. विहीर एकदमच उपसली की तळ लागायचा, मोट चिखल घेऊन वर यायची. तिनं दिवसाचे चार भाग पाडले. तांबडं फुटताना दोन घडी मोट, मग विसावा. बैलजोड्या आलटून पालटून. "इहिर भरास तवलोंग दुसरं काम," म्हणायची, आणि त्या वेळात खुरपणी, बांध, वैरण, भाकर सगळं व्हायचं. मला शाळेत वेळापत्रक भिंतीवर लावायची सवय. काकीचं कुठं लिहिलेलं नव्हतं आणि कधी चुकतही नव्हतं. अमावस्या आली तेव्हा आम्ही बैल मोकळे ठेवले. दगडाची आता गरज नव्हती. तरी दोघंही न ठरवता दुपारी विहिरीवर गेलो आणि थोडा वेळ बसून परत आलो.

लोक म्हणतात, कामात दुःख विसरतं. मला तसा अनुभव नाही. विसरायला आधी ते जाणवावं लागतं. मला फक्त पाणी दिसायचं. ढेकळांच्या कडेनं सरकणारं, काडीकचरा पुढं ढकलणारं, वाफा भरला की जरा वेळ आकाश दाखवून जिरून जाणारं. काकी मोटेवर गाणं म्हणत नव्हती. इतर विहिरींवरून गाणी ऐकू यायची, आमच्याकडे नुसतं चाक. जेवायला बांधावर बसायचो तेव्हा ती फडक्यातून ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी काढायची, अर्धी माझ्यापुढं ठेवायची. मी मिरचीचा ठेचा पुढं करायचो. खाऊन झालं की उठायचो. दुःखाबद्दल आम्ही बोललो नाही. पण तांबडं फुटताना कोणीतरी विहिरीवर येऊन उभं असणार आहे, एवढ्यासाठी मी खाट सोडायला लागलो. पुढं तीस वर्षांत मी शाळेत एकदाही उशिरा गेलो नाही, त्याचं मूळ वक्तशीरपणात नाही. कोणी वाट बघत असलं तर मला आजही बसवत नाही.

फाल्गुनाच्या तोंडाला एका सकाळी वहिनी विहिरीवर आली. डोक्यावर फडकं बांधलेलं, मुलगी कडेवर. घरातून ती पहिल्यांदाच इतक्या लांब चालत आली होती. मुलीला तिनं बांधावर बसवलं आणि काकीसमोर जाऊन उभी राहिली.

"काकी, माले शिकाड."

काकीनं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला वाटलं, अजून अंगात ताकद नाही म्हणून परत पाठवेल. तिनं कासरा वहिनीच्या हातात दिला. धावेवर बैल मागं घ्यायचे तेव्हा पाय कुठं ठेवायचा ते दाखवलं. वहिनी पहिल्या मोटेलाच घसरली, दुसरीला सावरली. त्या दिवशी तिनं सहा मोटा ओढल्या आणि दुपारी झाडाखाली गाढ झोपली. मी शाळेत परत गेल्यावर ते शेत वहिनीनं आणि काकीनं मिळून केलं. एकदोन वर्षं नव्हे, काकीचे हात चालेनासे झाले तोवर केलं. आता त्या विहिरीवर तेलाचं इंजिन आहे. त्याची फटफट लांबवर ऐकू येते, आणि ते हाकायला एक माणूस पुरतो.

गहू आला. भरघोस नव्हे, पण वर्ष निघेल एवढा आला. बांधाकडचा पट्टा पिवळा पडला तो गेलाच. बाकी ओंब्या भरल्या. विहिरीशेजारी एकच खळं केलं. एक दिवस तिची मळणी, एक दिवस आमची. आमच्या मळणीच्या दिवशी चार बैल सकाळपासून गोल फिरले. उन्हं कलली तेव्हा वाऱ्यावर भूस उडवून झालं होतं, दाणा खाली पडला होता आणि माझ्या खिशात हेडमास्तरांचं पत्र होतं. दोन दिवसांनी हजर व्हायचं होतं. वहिनी माहेरी जाणार नव्हती, माय मामाकडं जाणार नव्हती. मला बरं वाटायला हवं होतं. मी राशीजवळ बसून दाणे या हातातून त्या हातात करत होतो.

काकी समोर येऊन बसली. डोक्यात, भुवयांत भूस. मला एकदम सुचलं की आता विचारलं नाही तर कधीच विचारणार नाही. वडिलांच्या शेवटच्या दिवसांत आमच्या घरात माय आणि वहिनी दोघी तापानं पडलेल्या होत्या. त्यांच्या तोंडात पाणी घालायला काकीच यायची, हे मला माहीत होतं. तिचा स्वतःचा मुलगा घरी तापात असताना ती यायची.

"काकी," मी म्हटलं, "बानी मन्हं नाव काढं का?"

तिनं आधी भुवयांतलं भूस पुसलं. खोटं सांगायचं असतं तर लगेच सांगितलं असतं.

"नही," ती म्हणाली. "बैलेसले पानी पाजं का, इतलंच इचारे. घडीघडी तेच."

हिवाळाभर मला भीती होती ती हीच, की ते माझ्याबद्दल विचारत होते, दाराकडे बघत होते. ते बैलांबद्दल विचारत होते. मी विचारलं, "मंग तू काय सांगं?"

"पाजं, सांगं." ती दाण्यांकडे बघत होती. मग तिचा आवाज बदलला. "नव्हतं पाजेल. मन्हा पोऱ्या तिकडे तळमळी ऱ्हायंता, मी कथी कथी पुरसू? दोन दिन पानीबिगर बैल दावणले हंबरी ऱ्हायंतात, त्यास्ना आवाज तुन्हा बाले आयकू ये. तरी मी सांगं, पाजं. मरता मानूसले मी खोटं सांगं, मास्तर."

मी उठलो. खळ्यातले चारही बैल सोडले आणि विहिरीकडे नेले. दिवसभर मळणी चालली होती, मोट झालीच नव्हती. थारोळं कोरडं होतं. मी तिथं उभा राहिलो आणि मला पुढं काय करायचं ते सुचेना. मागून काकी आली. न बोलता तिनं तिची जोडी जुंपली, मी नाडा धरला. चाक करकरलं, मोट वर आली आणि थारोळ्यात पाणी पडलं. आधी आमच्या बैलांनी माना घातल्या. त्यांच्या गळ्यातून पाण्याचा घटघट आवाज यायला लागला आणि तो ऐकताना मला रडू फुटलं. भर उजेडात, रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल असा मी हमसून रडलो. काकी जू सोडायला वाकली होती, ती तशीच बैलाच्या मानेवर डोकं टेकून रडत होती. मी तिला गप्प केलं नाही, तिनं मला केलं नाही. बैलांचं पिऊन झालं आणि ते आमच्याकडे बघत उभे राहिले.